खाणीतला दिवा आणि मुलांच्या हातातला मोबाइल

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. माजरीच्या आमच्या युनियन कचेरीत रात्रपाळीला निघालेला एक डंपरचालक आला. पगाराचे किंवा बदलीचे गाऱ्हाणे असेल, असे आम्हास वाटले. पण त्याने खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, "भाऊ, पोराच्या मोबाइलात कोणतं कुलूप टाकू, थे सांगा न." पोरगा सातवीत. बाप खाणीत, आई दिवसभराच्या कामाने थकून झोपलेली. मध्यरात्रीपर्यंत त्या पोराच्या सोबतीला त्या काचेतून कोण येते, हे बापाला ठाऊक नव्हते.

आम्ही शाळा फारशी पाहिली नाही. जे काही कळते ते खाणीने आणि उसन्या आणलेल्या पुस्तकांनी शिकविले. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तरही आम्ही खाणीच्या इतिहासातच शोधले. तेच आज आपणापुढे मांडतो.

१८१२ साली इंग्लंडात फेलिंग येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ जण मेले. त्यांत कोवळी मुलेही होती. त्यानंतर तीन वर्षांनी, १८१५ साली, हंफ्री डेव्ही ह्या शास्त्रज्ञाने सुरक्षा-दिवा तयार केला. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी असे. तिच्यामुळे बाहेरचा वायू पेटत नसे, आणि वायू साठला असेल तर ज्योतीचे रूप बदलून ते कळे. शोध मोठाच होता. पण त्यामुळे स्फोट थांबले काय? नाही. दिवा हाती आला म्हणून मालकांनी वायूच्या भीतीने बंद ठेवलेले थर पुन्हा उघडले, आणि माणसे मरतच राहिली. दिवा वायू दाखवीत होता; हवा खेळती ठेवणे हे काही दिव्याचे काम नव्हते. त्यासाठी हवेची वाट लागते, निरीक्षक लागतो, कायदा लागतो. दहा वर्षांखालील मुलग्यांना भूगर्भातील खाणीबाहेर काढले ते दिव्याने नव्हे, १८४२ च्या कायद्याने.

आपल्याकडेही तोच क्रम दिसतो. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात मनाई केली. सात वर्षांचे मूल मात्र दिवसाला नऊ तास राबू शके! खाणीतील वयाची मर्यादा १९२३ च्या कायद्याने तेरा केली, १९३५ मध्ये ती पंधरा झाली आणि १९८३ च्या दुरुस्तीने, शिकाऊ उमेदवारांचा अपवाद सोडल्यास, अठरा झाली. हे एकेका बापाने घरच्या घरी ठरवून झाले नसते. एकाने मूल घरी ठेवले तर त्याची मजुरी बुडे आणि शेजाऱ्याचे मूल कामावर जाई. सर्वांना एकच नियम लागू झाला, तेव्हाच प्रत्येकाला आपले मूल वाचविता आले.

आता मोबाइलकडे वळू. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले. पुढे गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले आणि तेथे मुले काय पाहतात ह्याची तक्रार मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने २००१ मध्ये समिती नेमली. मुलांना कॅफेत बंदिस्त खोपटात नव्हे तर उघड्यावर, सर्वांना दिसेल अशा यंत्रावर बसवावे आणि त्या यंत्रात अश्लील मजकूर अडविणारे गाळणी-सॉफ्टवेअर असावे, अशी शिफारस त्या समितीने केली. त्यात शहाणपण होते. गाळणीबरोबर 'उघड्यावर' हा शब्द होता. पुढे २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि कॅफेचे ते खोपटे मुलांच्या अंथरुणात आले. 'उघड्यावर' नाहीसे झाले. गाळणी तेवढी उरली.

ह्या गाळणीचा मोह आम्हालाही पडला होता. आमची मुलगी नववीत असताना तिच्या मोबाइलमध्ये आम्ही गुपचूप पाळत ठेवणारे एक सॉफ्टवेअर टाकले. तिचे निरोप आम्ही चोरून वाचीत असू. युनियनचा माणूस! मालकाने कामगारावर असे हेर बसविले असते तर आम्ही फाटकावर सभा घेतली असती. एक दिवस तिला ते कळले. ती भांडली नाही, बोलायचीच थांबली. पुढे कोणी अनोळखी माणूस फोटोवरून तिला धमकावू लागला, तेव्हा ती आमच्याकडे आली नाही, शाळेतल्या बाईंकडे गेली. बाईंनी निभावून नेले. त्या रात्री आम्हास कळले, की आम्ही दिवा लावला होता आणि हवेची वाट मात्र स्वतःच्या हाताने बुजविली होती.

ह्याच्या उलट सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव पाहा. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली आणि शाळा उघडल्यावरही मुले मोबाइल सोडीनात. सरपंच विजय मोहिते आणि ग्रामपंचायतीने गावातील स्त्रियांना एकत्र बोलावून विचारले. मालिकांचा नाद आपल्यालाही लागला आहे, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सातला गावात भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत मोबाइल आणि टीव्ही बंद. मुलांचेच नव्हे, मोठ्यांचेही! "बाकी सगळ्यांकडे आहे, मग मलाच का नाही?" हा मुलाचा हुकमी प्रश्न त्या भोंग्याने निकालात काढला. भोंग्याची शिस्त आम्हा खाणवाल्यांना नवी नाही. तो एका घरासाठी वाजत नसतो.

आणि मालकाची जबाबदारी? खाणीत छत कोसळले तर आपण त्याचा दोष मजुराच्या आईला देत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा डेटा घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेण्याचे आणि मुलांचा माग काढून त्यांच्यावर जाहिराती न सोडण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ह्या तरतुदींच्या अंमलाला मात्र अठरा महिन्यांची मुदत दिली. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची खाती समाजमाध्यमांवर राहू न देण्याची जबाबदारी थेट कंपन्यांवर टाकली. असे कायदे कागदावर राहतात की अंमलात येतात, हे शेवटी लोकांच्या रेट्यावर ठरते. कारखाना कायद्याचे तसेच झाले होते.

डंपरचालकाला आम्ही हे एवढे सांगितले नाही. त्याला पाळीवर पोचायचे होते. एवढेच म्हटले, की कुलूप विकत घेऊ नको. गूगलचे फॅमिली लिंक, ॲपलचा स्क्रीन टाइम फुकट मिळतात. वेळ ठरव, नवे ॲप तुझ्या परवानगीशिवाय उतरू देऊ नको. लपून निरोप वाचणारे काही टाकू नको. रात्री मोबाइल आईच्या उशाशी, तुझाही सुट्टीच्या दिवशी तिथेच. कोणी धमकावले तर रागावणार नाही, असे पोराला आधीच सांग. आणि १०९८ व १९३० हे क्रमांक भिंतीवर लिही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग मोबाइल खिशात टाकीत म्हणाला, "म्हणजे कुलूप टाकाचं, पण पोराले सांगून टाकाचं."

आमच्या सगळ्या पुस्तकांचे सार त्याने एका वाक्यात सांगितले. त्यात एकच भर घालतो: शेजाऱ्यांनाही सांगून टाकावे, म्हणजे कुलूप हळूहळू गावाचा नियम होतो.