जिनमधून आलेली इंग्रजी

इंग्रजीचा इतिहास आपल्याला बहुतेक वेळा १८३५ पासून सांगितला जातो. मेकॉलेचं टिपण, मग शाळा, कॉलेजं, कचेऱ्या. वऱ्हाडातल्या कष्टकरी माणसाकडे इंग्रजी त्या वाटेने आली नाही. ती कापसाबरोबर आली.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे सोपवला. इंग्रजांना इथला कापूस हवा होता. १८७० मध्ये रेल्वेचा फाटा खामगावपर्यंत पोचला. सरकी काढणारी, गठाणी बांधणारी यंत्रं आली आणि यंत्रांबरोबर त्यांची नावंही आली. सही करता न येणारा मजूरसुद्धा ‘जिनिंग’, ‘प्रेसिंग’, ‘बॉयलर’ म्हणू लागला. हे शब्द त्याला कुणी शिकवले नव्हते.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत आज कापडाचे कारखाने आहेत. तिथे काम करणारी काही माणसं ज्या संध्याकाळच्या इंग्रजी क्लासला जातात, तिथे मी काही दिवस मागच्या बाकावर बसलो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, माझं पोट इंग्रजीवरच चालतं. ही भाषा तिशी-चाळिशीत कशी शिकतात ते मला बघायचं होतं.

मॅडम वयाने सगळ्यांत लहान. त्यांनी विचारलं, “काका, आज कामावर काय झालं?”

काका उठले. “मॅडम, फर्स्ट शिफ्टले मशीन ब्रेकडाऊन झाली. मेंटेनन्सले कॉल केला. मंग ओव्हरटाइम लागला.”

“छान. आता हेच इंग्रजीत सांगा.”

काका गप्प. मग हळूच म्हणाले, “मले इंग्रजी येत नाही न, मॅडम.”

मी मोजले. ‘मॅडम’ सोडून त्यांच्या बोलण्यात सात इंग्रजी शब्द होते. गाडी अडली होती ती ‘वॉज’ आणि ‘डिड’पाशी. पण लाइनचा प्रमुख व्हायचं तर ब्रेकडाऊनचा रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो, आणि काकांचा पगार तिथेच अडला होता.

व्याकरणापेक्षा मोठी अडचण लाजेची. घरी वही उघडली की पोरं हसतात, असं दोघी-तिघींनी सांगितलं. हेही जुनंच आहे. रमाबाई रानडे १८७३ मध्ये लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना आधी मराठी शिकवलं, पुढे इंग्रजी. घरातल्या मोठ्या बायकांचे टोमणे त्यांनी किती सोसले, ते त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात आहे. तेव्हा सासरच्या वडीलधाऱ्या बायका बोलायच्या, आता इंग्रजी शाळेत जाणारी पोरं हसतात. मोठ्या वयात शिकणाऱ्याला घरातूनच ऐकून घ्यावं लागतं, हे दीडशे वर्षांत बदललेलं नाही.

पण आमच्या बाबतीत एक तारीख महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात जून २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्याआधी मराठी शाळांत ती पाचवीपासून असायची. मी त्यानंतर शाळेत गेलो, म्हणून मला अक्षरं पहिल्याच वर्षी भेटली. काकांना ती पाचवीत भेटली आणि आठवीत शाळा सुटली. म्हणजे तीन-चार वर्षांची इंग्रजी, तीही घोकंपट्टीची.

आमच्या ऑफिसात एखाद्याची इंग्रजी अडखळली की तो ‘कमी हुशार’ ठरतो. मुलाखतीत तर पहिल्या दोन मिनिटांत. नांदगाव पेठला बसल्यावर मला हे खोटं वाटायला लागलं. बिघडलेलं यंत्र काका आवाजावरून ओळखतात. आमच्यातला फरक बराचसा जन्मसालाचा आहे, आणि शाळा किती वर्षं परवडली याचा.

१८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, ती दिवसा राबणाऱ्यांचं शिक्षण बाकी राहिलं होतं म्हणून. नांदगाव पेठच्या क्लासमध्येही तीच थकबाकी वसूल होते आहे. फरक इतकाच की इथे फी थकबाकी ज्यांची आहे तेच भरतात, ओव्हरटाइमच्या पैशातून.