रविवारी मैदान बंद
३. ‘रविवारी मैदान बंद’ : सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’चा हा जुना शिरस्ता, मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर रविवारी तिथे खेळ नाही. गावकरी कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात, कारण जमीन सार्वजनिक आहे, कुणा क्लबाची नव्हे. लेखक सांताक्रूझचे, हात बसला तो चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात (स्थापना १९२७). गोल्फ म्हणजे सभासदांचा खेळ अशीच त्यांची समजूत, म्हणून हे नवल. (सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता २०१४ मध्ये खुला झाला. त्याआधी कुर्ल्याची गर्दी टाळायची तर पहाटेच निघायला हवे. मागच्या प्रकरणातला पाचचा गजर त्यासाठीच.)

पुढे ‘सातव्याचा चेंडू अकराव्याशी’ असे आहे, ती मुद्रणाची चूक समजू नये. इथे सात ग्रीन जोडीची आहेत: एकाच विस्तीर्ण हिरवळीवर दोन खळगे, दोन निशाणे, आणि जोडीतल्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८. १७६४ मध्ये इथेच एका फेरीतले २२ होल १८ वर आणले गेले. तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला. लेखकाने चुकीच्या निशाणाकडे मारलेला फटका मात्र हस्तलिखितात दोनदा खोडलेला आहे. आम्ही तो ठेवला.