कारण, निमित्त आणि सबब : चिनहटची लढाई

शाळेत इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असायचा : '१८५७ च्या उठावाची कारणे लिहा.' मग राजकीय, आर्थिक, सामाजिक, लष्करी असे मथळे पाडायचे, शेवटी काडतुसं लिहायची आणि गुण घ्यायचे. पण ही कारणं पहिल्यांदा कुणी सांगितली, कुणाला सांगितली, आणि त्यासाठी कोणते शब्द वापरले? हे पाहायला आज आपण चिनहटला जाऊ. आज हा भाग लखनौ शहरातच येतो, पूर्वेला, बाराबंकीच्या रस्त्यावर. तेव्हा ते लखनौपासून चार कोसांवरचं गाव होतं.

तारीख ३० जून १८५७. लखनौच्या छावणीत शिपाई उठले त्याला बरोबर एक महिना झाला होता. अवधचा चीफ कमिशनर सर हेन्री लॉरेन्स रेसिडेन्सीत मोर्चेबंदी करत होता. बाराबंकीजवळच्या नवाबगंजकडून बंडवाल्यांची फौज चिनहटपर्यंत आल्याची बातमी त्याला मिळाली. तो सुमारे ७०० माणसं, १० तोफा आणि हत्तीनं ओढायची एक मोठी हॉवित्झर घेऊन निघाला. ३२ व्या पलटणीचे गोरे शिपाई उपाशीपोटीच चालत होते. जूनचं ऊन, आणि पाणक्यांनीही साथ सोडली. समोरची फौज लॉरेन्सच्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठी निघाली. तिचं नेतृत्व बरकत अहमद करत होता. तो कंपनीच्याच घोडदळात तयार झालेला माणूस. त्याच्या फौजेनं इस्माइलगंज गाव धरलं आणि तिथून मारा सुरू केला. लॉरेन्सकडच्या काही हिंदी गोलंदाजांनी ऐन वेळी तोफा खड्ड्यात लोटल्या आणि ते पलीकडे गेले. अवधच्या घोडदळानंही पाठ फिरवली. ३२ व्या पलटणीचा कर्नल केस पडला.

परतताना कुकरैल नाल्याच्या पुलावर लॉरेन्सनं एक डाव केला. दारूगोळा संपलेल्या तोफा पुलावर लावून गोलंदाजांच्या हाती पेटते पलिते दिले. तोफा भरलेल्या आहेत असं वाटून पाठलाग थबकला. पण त्याच दिवशी रेसिडेन्सीला वेढा पडला.

आता शब्दांकडे येऊ. त्याच दिवशी लॉरेन्सनं सेनापती हॅवलॉकला चिठ्ठी पाठवली. आम्ही हरलो, पाच तोफा गेल्या, आणि हे मुख्यतः आमच्या हिंदी तोफखान्याच्या 'मिसकंडक्ट'मुळे झालं, असा तिचा आशय. मिसकंडक्ट म्हणजे गैरवर्तन, म्हणजे शिस्तीचा शब्द. तो एकदा लिहिला की पुढची चौकशी संपते. काल आपल्या तोफा ओढणारा माणूस आज त्याच तोफा खड्ड्यात का लोटतो, हे विचारायची गरजच उरत नाही. दीड वर्षापूर्वी, फेब्रुवारी १८५६ मध्ये, कंपनीनं अवध खालसा केलं होतं. तेव्हाही कारण एकाच शब्दात सांगितलं होतं : 'मिसगव्हर्न्मेंट', गैरकारभार. बंगाल फौजेतले कितीतरी शिपाई याच अवधच्या गावांतले होते, हे त्या शब्दात कुठेच येत नाही.

२ जुलैला तोफगोळा लागून लॉरेन्स जबर जखमी झाला आणि ४ जुलैला गेला. मरणाच्या दारात त्यानं कबूल केलं, की चिनहटला जाणं माझ्या मनाला पटलं नव्हतं, लोक काय म्हणतील या भीतीनं मी गेलो. मार्टिन गबिन्ससारखे अधिकारी 'बाहेर पडून लढा' असा धोशा लावून बसले होते. पराभव एकच, सांगणारा माणूसही एकच. पहिल्या दिवशी त्यानं दिलं ते 'एक्सक्यूज', आणि शेवटी सांगितलं ते 'रीझन'.

एक्सक्यूज हा शब्द मोठा बोलका आहे. लॅटिनमध्ये 'कॉसा' म्हणजे कारण, आणि कोर्टातला खटलासुद्धा. त्यातूनच इंग्रजीत 'कॉझ' आला, 'बिकॉज' आला, 'अक्यूज' म्हणजे आरोप करणं आलं, आणि 'एक्सक्यूज' म्हणजे आरोपातून सुटणंही आलं. कारण सांगणारा माणूस या भाषेत मुळातच आरोपीच्या पिंजऱ्याशेजारी उभा असतो. 'कॉझ'चा आणखी एक अर्थ आहे : ज्यासाठी माणूस लढतो ते कार्य. उठावाच्या 'कॉझेस'वर साहेबानं पुस्तकांमागून पुस्तकं छापली. त्यांचा 'कॉझ' काय होता, हे विचारणारे थोडे.

लंडनमध्ये एकानं तरी शब्द तपासले. २७ जुलै १८५७ रोजी डिझरायलीनं पार्लमेंटात विचारलं, की हे नुसतं लष्करी बंड आहे की राष्ट्रीय उठाव? आणि काडतुसाच्या चरबीनं साम्राज्यं कोसळत नसतात, त्यामागे पुरेशी कारणं साचलेली असतात, असंही त्यानं बजावलं.

इकडे बिजनौरला कंपनीच्या नोकरीत असलेल्या सर सय्यद अहमद खान यांनी उर्दूत 'असबाब-ए-बगावत-ए-हिंद' लिहिलं. ते १८५९ मध्ये छापलं गेलं. मुख्य कारण त्यांनी सरकारच्याच दारात ठेवलं : कायदेमंडळात एकही हिंदी माणूस नाही, मग लोकांच्या मनातलं तुम्हाला कळणार कसं?

'असबाब' हे 'सबब'चं अनेकवचन. उर्दूत सबब म्हणजे सरळ कारण. आपल्या मराठीत हा शब्द आला आणि त्याला दोन तोंडं फुटली. जुन्या अर्जात 'सबब, विनंती की' म्हणजे 'म्हणून'. आणि घरात 'सबबी सांगू नकोस' म्हणजे बहाणा. वरचा माणूस सांगतो ते कारण, आणि खालचा सांगतो ती सबब. सरकारी नोटीसही 'कारणे दाखवा' म्हणते, आणि ती नेहमी वरून खालीच जाते.

मराठीत हा गुंता सावरकरांनी वेगळ्या शब्दांनी सोडवला. १८५७ वरचा त्यांचा ग्रंथ मूळ मराठीत लिहिलेला, इंग्रजीत तो १९०९ मध्ये निघाला. काडतुसं आणि अवधचं खालसा होणं ही निमित्तं होती, खरी कारणं स्वधर्म आणि स्वराज्य, अशी त्यांची मांडणी. ती सगळी पटो न पटो, कारण आणि निमित्त वेगळं करायची सवय मात्र घेण्यासारखी आहे.

चिनहट जिंकलं बरकत अहमदनं, पण ते का घडलं हे लिहिलं हरलेल्यांनी. बरकत अहमदनं स्वतः लिहिलेली हकिकत आपल्या हाती नाही. त्या गोलंदाजांना तर कुणी विचारलंच नाही. म्हणून पुढच्या वेळी घरातलं मूल 'कारणे लिहा'चं उत्तर पाठ करत बसलं, तर त्याला एवढंच विचारा : ही कारणं कुणी सांगितली, आणि तेव्हा तो कुठल्या बाजूला उभा होता?

भेटू पुढच्या भागात.