हाडे आधी, नाव नंतर

जीवाश्मांचा इतिहास हा केवळ उत्खननाचा इतिहास नसतो. तो भाषेचाही असतो. १८२८ साली जबलपूरजवळच्या बडा शिमला टेकडीवर विल्यम स्लीमन यांना दगड झालेली प्रचंड हाडे सापडली. ठगांच्या बंदोबस्तामुळे आपल्याला ठाऊक असलेले हेच ते स्लीमन. ही डायनोसॉरची हाडे आहेत असे तेव्हा कोणीही म्हणू शकले नसते, कारण तो शब्दच अस्तित्वात नव्हता.

बकलंड यांचा मेगॅलोसॉरस (१८२४) आणि मँटेल यांचा इग्वानोडॉन (१८२५) ही इंग्लंडमधली नावे नवी होती आणि एकमेकांपासून सुटी होती. १८४२ साली रिचर्ड ओवेन यांनी या दोहोंना हायलिओसॉरसची जोड देऊन 'डायनोसॉरिया' हा गट मांडला. ओवेन यांचे श्रेय नवे हाड शोधण्याचे नाही. विखुरलेल्या हाडांतले नाते ओळखून त्याला शब्द देण्याचे आहे.

जबलपूरच्या मणक्यांना आणखी थांबावे लागले. शिवालिक टेकड्यांत सापडलेल्या एका भव्य सस्तन प्राण्याला फाल्कनर आणि कॉटली यांनी १८३६ सालीच 'सिवाथेरियम', म्हणजे शिवाचा पशू, असे नाव दिले होते. स्लीमन यांच्या हाडांना नाव मिळाले ते १८७७ साली. शेपटीच्या मणक्यांवरून रिचर्ड लिडेकर यांनी 'टायटॅनोसॉरस इंडिकस' ही नवी जात जाहीर केली. ग्रीक पुराणातला टायटन इथे नाम झाला आणि भारत विशेषणापुरता उरला.

पण नाव म्हणजे अंतिम निवाडा नव्हे. या मणक्यांची जी ठेवण लिडेकर यांना आगळीवेगळी वाटली, ती पुढे जगभरच्या अनेक प्राण्यांत आढळली. जे वैशिष्ट्य होते ते कुळाचे सामान्य लक्षण ठरले. म्हणून २००३ साली विल्सन आणि अपचर्च या अभ्यासकांनी हे नाव संदिग्ध ठरवले. अर्जेंटिनातल्या महाकाय प्राण्यांसह साऱ्या कुळाला मात्र आजही टायटॅनोसॉर असेच म्हणतात. मूळ जात बाद झाली, तिचे नाव कुळाला लाभले.

हरवले असे मानलेले ते मूळ मणके २०१२ साली कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात, पुन्हा सापडले. १८२८ साली ते मिळाले तेव्हा त्यांच्यासाठी शब्द नव्हता. दुसऱ्यांदा मिळाले तेव्हा दिलेला शब्द त्यांच्यापुरता मोडीत निघाला होता. साहित्याच्या वर्गीकरणात रमणाऱ्या आपणही हे ध्यानी ठेवावे: संज्ञेमुळे वस्तू दिसू लागते, पण वस्तू संज्ञेच्या स्वाधीन कधीच नसते.