‘व्हॅम्पिर’: कमी दाखवण्याची किंमत



आज आपण एका पडलेल्या चित्रपटाबद्दल बोलणार आहोत. कार्ल थिओडोर ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘व्हॅम्पिर’. ६ मे १९३२ रोजी बर्लिनमध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आज सिनेमाचा इतिहास शिकवणाऱ्या बहुतेक अभ्यासक्रमांत त्याचं नाव असतं. हा उलटफेर कसा झाला, हा एक प्रश्न झाला. पण आपण आज दुसऱ्या, जरा अवघड प्रश्नाकडे वळू.

पिशाचपट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काही ठरावीक गोष्टी येतात. लांब सुळे, काळा झगा, किंकाळ्या. ‘व्हॅम्पिर’मध्ये यातलं फारसं काही नाही. यातलं पिशाच म्हणजे काठी टेकत चालणारी, पांढऱ्या केसांची एक म्हातारी. ती धावत नाही, झडप घालत नाही. नायक अ‍ॅलन ग्रे हाही कुणाशी लढत नाही. तो खिडकीतून, दारातून, झाडामागून नुसता बघत राहतो. या चित्रपटाचं कौतुक करताना सगळेच ‘संयम’ हा शब्द वापरतात. आपला प्रश्न असा : हा संयम नेमका कुणाचा? दिग्दर्शकाचा, की रिकाम्या खिशाचा?

आधी परिस्थिती पाहू. ड्रायरचा आधीचा चित्रपट म्हणजे १९२८ सालचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’. तो मूकपट होता, खर्चिक होता. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण तिकीटबारीवर चालला नाही. निर्मात्या कंपनीशी ड्रायरचं बिनसलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्याच सुमारास बोलपट आले आणि मूकपटांचं सगळं गणितच विस्कटलं. म्हणजे बघा, चाळिशीतला, नावाजलेला दिग्दर्शक, हाताशी कंपनी नाही आणि धंद्याचं तंत्र रातोरात बदललेलं.

अशा वेळी त्याला भेटला निकोलस द गुन्झबर्ग. बँकिंगमधल्या श्रीमंत घराण्यातला पंचविशीतला तरुण, पॅरिसच्या उच्चभ्रू वर्तुळात वावरणारा. त्याने पैसे घातले, आणि त्या बदल्यात नायकाची भूमिका स्वतःकडे घेतली. घरच्यांना हे पसंत नव्हतं, म्हणून पडद्यावर त्याने ‘जुलियन वेस्ट’ हे नाव लावलं. हाच माणूस पुढे अमेरिकेत गेला आणि ‘व्होग’ मासिकाचा फॅशन संपादक म्हणून नावारूपाला आला. अभिनय त्याला येत नव्हता. चेहऱ्यावर एक झोपेत चालल्यासारखा भाव. ड्रायरने तो बदलायचा प्रयत्न केला नाही. अख्खा चित्रपटच त्या भावाभोवती बांधला.

एका माणसाच्या पैशावर चाललेलं काम, त्यामुळे हात राखून खर्च. स्टुडिओ घेतला नाही. फ्रान्समधल्या कूर्तांपियेर या छोट्या गावात, खऱ्या घरांत आणि एका जुन्या वाड्यात चित्रीकरण झालं. मंडळी राहायलाही तिथेच. पडद्यावर दिसणाऱ्यांपैकी कसलेले व्यावसायिक नट दोनच, सिबिल श्मिट्झ आणि मॉरिस शुट्झ. बाकीचे हौशी. गावातल्या डॉक्टरचं काम करणारा यान हिएरोनिम्को ड्रायरच्या माणसांना पॅरिसच्या मेट्रोत रात्री उशिरा दिसला आणि तिथूनच उचलला, असं सांगतात.

आता आवाजाचं बघा. चित्रपट जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषांत काढायचा होता. त्यामुळे चित्रीकरण मुक्यानेच झालं. नटांनी तिन्ही भाषांत ओठ हलवले आणि आवाज नंतर बर्लिनमध्ये भरला. तीन भाषांची कटकट कमी व्हावी म्हणून संवाद अगदी मोजके ठेवले. पुष्कळसा मजकूर मूकपटासारखा पाट्यांवर आणि पडद्यावर उलगडणाऱ्या एका पुस्तकाच्या पानांवर येतो. प्राण्यांचे आवाजसुद्धा नक्कल करणाऱ्या कलाकारांनी काढलेले आहेत.

ही झाली अडचण. पण ड्रायर तिचं काय करतो? एका प्रसंगात ग्रे डॉक्टरला विचारतो, तुम्ही ऐकलंत का, लहान मुलाचा आवाज? डॉक्टर शांतपणे म्हणतो, इथे लहान मूल नाही. मग ते कुत्र्यांचं भुंकणं? इथे कुत्रीही नाहीत. विषय संपला! दृश्य पुढे सरकतं, आणि आपण मात्र कान टवकारून बसतो. या प्रसंगाला एक पैसा जादा लागलेला नाही.

चित्रपटाचा तो प्रसिद्ध धुरकटपणाही असाच अपघातातून आला. सुरुवातीच्या दिवसांत छायाचित्रकार रुडॉल्फ माते याने घेतलेल्या एका तुकड्यात भिंगावर चुकून भलताच प्रकाश पडला आणि चित्र राखाडी आलं. दुसरा कुणी असता तर तो तुकडा फेकून दिला असता. ड्रायर म्हणाला, हेच हवंय. मग पुढे कॅमेऱ्यासमोर जाळीचं कापड धरून, त्यावर प्रकाश टाकून तोच परिणाम मुद्दाम साधला गेला. शेवटाचीही अशीच हकिकत सांगितली जाते. डॉक्टरचा मृत्यू दलदलीत व्हायचा होता. जागा शोधत फिरताना प्लास्टर तयार करणारा एक कारखाना दिसला. आत सगळं पांढरंशुभ्र, माणसंही पांढऱ्या भुकटीने माखलेली. दलदल रद्द झाली. पडद्यावर डॉक्टर पिठाच्या गिरणीत अडकतो आणि वरून पडणाऱ्या पांढऱ्या पिठात हळूहळू बुडतो. काळोखाऐवजी पांढऱ्या रंगाची भीती!

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे टंचाईनेच हा चित्रपट घडवला. आम्हाला हे अर्धंच खरं वाटतं. टंचाई तर त्या काळात पुष्कळांना होती, त्या सगळ्यांनी काही ‘व्हॅम्पिर’ काढला नाही. शिवाय एक साधा हिशेब करून बघा. खोटे सुळे बसवायला असा किती खर्च येतो? मानेवर दोन लाल ठिपके रंगवून कॅमेरा जवळ न्यायला किती? भयपटातली सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे दाखवणं. ड्रायरने नेमकं तेच टाळलं.

लिओनचा प्रसंग घ्या. वाड्याच्या मालकाची ही थोरली मुलगी पिशाचाच्या कचाट्यात सापडली आहे. सिबिल श्मिट्झने ही भूमिका केली आहे. आधी ती हुंदके देते, मरण आलं तर बरं म्हणते. मग तिचं रडणं थांबतं. मान हळूहळू वर येते, ओठ ताणले जातात, दात दिसू लागतात. साधे, माणसाचेच दात. तिची नजर खोलीत एका बाजूकडून दुसरीकडे फिरते आणि धाकट्या बहिणीवर, जिझेलवर, येऊन थांबते. बहीण एक पाऊल मागे सरते. बस, एवढंच. ना हल्ला, ना रक्त. घरातल्याच माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर दुसरं कुणी दिसलं, आणि ते आपल्याकडे बघत होतं.

ड्रायरने आपल्या सहकाऱ्यांना ही कल्पना एका साध्या उदाहरणाने समजावली होती. आपण एका नेहमीच्या खोलीत बसलोय आणि कुणी सांगितलं की दारामागे प्रेत आहे, तर काय होईल? खोलीत काहीच बदललेलं नसतं. टेबल तेच, दिवा तोच. पण आपण बदललेले असतो, म्हणून खोलीही बदलते. त्याला चित्रपटात तेच हवं होतं.

आणि हे कमी दाखवणं स्वस्तही नव्हतं. लाकडी पायाच्या शिपायाची सावली त्याला सोडून स्वतंत्र फिरते, मग येऊन त्याच्याशी जुळते. खड्डा खणणाऱ्या माणसाची सावली उलट्या क्रमाने माती उचलते. भिंतीवर सावल्या नाचतात, नाचणारी माणसं कुठेच नाहीत. म्हातारी एक हुकूम सोडते आणि सगळं थांबतं. अशी दृश्यं जुळवायला वेळ लागतो, चिकाटी लागते. ग्रेला पडणारं स्वप्न तर सगळ्यांना ठाऊक आहे. तो स्वतःचंच प्रेत शवपेटीत पाहतो. झाकणाला काचेची छोटी खिडकी आहे. मग कॅमेराच पेटीत जातो. वरून झाकणाचे स्क्रू आवळले जातात, म्हातारी वाकून आत डोकावते, तिच्या मेणबत्तीचा उजेड काचेवर पडतो, आणि मग पेटी उचलली जाते. आपल्याला दिसतं ते फक्त वरचं. छत, झाडांच्या फांद्या, आकाश, चर्चचा मनोरा. स्वतःच्या अंत्ययात्रेत आपण असे उताणे पडून जातो!

कथेचं मूळ आयरिश लेखक शेरिडन ले फानू याच्या १८७२ सालच्या ‘इन अ ग्लास डार्कली’ या संग्रहात आहे. त्यातली ‘कार्मिला’ ही पिशाचकथा स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’हून पंचवीस वर्षांनी जुनी. पण ड्रायर आणि त्याचा सहलेखक क्रिस्टेन युल यांनी मूळ कथानक फारसं ठेवलंच नाही; घेतलं ते वातावरण.

आता इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा अशी जागा. आपण ज्याला ड्रायरचा संयम म्हणतो, त्यातला काही वाटा जर्मन सेन्सॉरचा आहे. शेवटी म्हातारीच्या छातीत लोखंडी कांब ठोकतात ते दृश्य आणि डॉक्टरचा पिठातला मृत्यू, दोन्हींना कात्री लागली. कापलेले तुकडे आज पाहता येतात, आणि त्यांत ड्रायर बराच कठोर आहे. काही वाटा काळाचाही आहे. मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. उरल्या त्या वेगवेगळ्या भाषांतल्या अपुऱ्या प्रती. १९९८ मध्ये मार्टिन कोएर्बर यांच्या देखरेखीखाली जर्मन आणि फ्रेंच प्रती जुळवून चित्रपट पुन्हा उभा केला गेला. त्याआधीच्या झिजलेल्या प्रती पाहणाऱ्याला, जाळीच्या कापडाचं धुकं कुठे संपतं आणि झीज कुठे सुरू होते, हे कसं कळावं? म्हणून जीर्णोद्धाराचं काम हे फक्त धूळ पुसण्याचं काम नसतं. कलावंताने काय ठरवलं होतं आणि त्याच्यावर काय ओढवलं, हे वेगळं करण्याचं ते काम असतं.

या संयमाची किंमतही मोजावी लागली. जर्मनीतल्या ऊफा कंपनीने अमेरिकन ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ आधी येऊ द्यावेत म्हणून प्रदर्शन लांबवलं, असं सांगतात. दोन्ही १९३१ चे. तोवर भयपट कसा असतो हे प्रेक्षकांच्या मनात पक्कं झालं होतं, आणि ‘व्हॅम्पिर’ तसा नव्हता. बर्लिनच्या हुर्योनंतर ड्रायरने स्वतः काही भाग कापले. व्हिएन्नात प्रेक्षकांनी पैसे परत मागितले. ते मिळेनात तेव्हा दंगा झाला आणि पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या. पैसे बुडाले. ड्रायर मनाने खचला, फ्रान्समध्ये काही काळ रुग्णालयात राहिला. मग कोपनहेगनला परतून त्याने पुन्हा पत्रकारिता धरली, कोर्टाच्या बातम्या लिहिल्या. त्याचा पुढचा कथापट ‘डे ऑफ राथ’ आला १९४३ मध्ये. अकरा वर्षांनी.

तेव्हा आपल्या प्रश्नाचं उत्तर असं देता येईल. संवाद कमी, ते तीन भाषांमुळे. स्टुडिओ नाही, तो पैशामुळे. शेवट सौम्य, तो सेन्सॉरमुळे. हे सगळं बाजूला काढलं तरी लिओनचा तो चेहरा उरतो. तिथे कुणी त्याचा हात धरला नव्हता. जास्त दाखवणं सोपं होतं, स्वस्त होतं, आणि प्रेक्षकांनाही तेच हवं होतं. तरी त्याने कॅमेरा तिच्या नजरेवर ठेवला आणि बाकीचं आपल्यावर सोडलं.

चित्रपट सव्वा तासाच्या आतबाहेरचा आहे. बघाल तेव्हा दिवे मालवून बघा, आणि आवाज थोडा मोठा ठेवा. तिथे नसलेल्या कुत्र्यांचं भुंकणं नीट ऐकू यायला हवं.