तणबीजांची सुप्तावस्था

ओल आणि ऊब मिळूनही तणाचे जिवंत बी न उगवता जमिनीत पडून राहते, त्या स्थितीस सुप्तावस्था म्हणतात. अशा बियांचा मातीतील साठा म्हणजे बीजपेढी. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरच्या सोयाबीन-कापसाच्या शिवारात याचे बोलके उदाहरण म्हणजे केना. भजीला चविष्ट, पिकाला त्रासदायक. ओल्या मातीतून तो अलगद उपटून पाहावा: वर निळी फुले, आणि मुळांशी पांढुरक्या फुटव्यांवर कधीच न उमलणारी फुले, जी मातीतच बी धरतात. वरचे आणि खालचे, त्यांतही मोठे आणि लहान, असे चार प्रकारचे बी एकाच झाडाला येते. कठीण कवचामुळे ते एकदम उगवत नाही. निंदणी होते, पाऊस पडतो आणि नवी फळी वर येते.

ग्लायफोसेट या तणनाशकाला केना मुळातच सहसा दाद देत नाही. ही उपजत सहनशीलता. प्रतिकारक्षमता वेगळी: एकच तणनाशक वर्षानुवर्षे फवारल्याने तगलेल्या झाडांची संतती वाढत जाते. हरियाणातील गव्हात गुल्ली दंडा हे तण १९९०च्या दशकात आयसोप्रोट्युरॉनला असेच निर्ढावले.

फवारणी उगवलेले झाड मारते, निजलेले बी नव्हे. पेढीतले जुने, औषधाला बळी पडणारे बी उगवत राहते तोवर प्रतिकारक्षमतेचा फैलाव मंदावतो; मात्र प्रतिकारक बी एकदा साठले की औषध बदलूनही ते लवकर सरत नाही. अमेरिकेत विल्यम बील यांनी १८७९ मध्ये बिया भरून पुरलेल्या बाटल्यांपैकी एकीतील काही बिया २०२१ मध्येही उगवल्या. म्हणून पेढीत नवी भर पडू नये यासाठी केना फुलण्याआधीच मुळासकट उपटून वावराबाहेर वाळवावा लागतो. तुकडे ओलीत राहिले तर कांड्यांना पुन्हा मुळ्या फुटतात.