गळक्या घराची कुळकथा

दिवाळी आली की घराला सफेदी हवी. पण घर भाड्याचे असले की चुना कालवण्याआधीच वाद उभा राहतो: पावसाने फुगलेली भिंत दुरुस्त करायची कोणी? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यात हा वाद चाळीचाळीतून ऐकू येतो. त्याची कुळकथा मोठी आहे.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात मालकावर दुरुस्तीची सरसकट सक्ती नव्हती. 1918 साली, महायुद्धातल्या टंचाईमुळे, मुंबईत भाडेवाढीला पहिला लगाम बसला. मग 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधले आणि घर राहण्याजोगे ठेवण्याचा भारही मालकावर टाकला. मालक म्हणे, ‘‘एवढ्या भाड्यात कौलेही येत नाहीत!’’ भाडेकरू म्हणे, ‘‘मग मी पावसात निजू का?’’ दोघेही खरेच बोलत होते. मोडत होते ते घर.

उल्हासनगरची तऱ्हा निराळी. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी आसरा घेतला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली. शिपायांसाठी बांधलेल्या बराकींत संसार मांडले गेले. पण सरकारी मालकीच्या जागांना भाडे कायदा लागू नव्हता. ज्याच्या डोक्यावर सरकारचे छप्पर, त्याला त्या कायद्याचे छत्र नाही!

पुढे मुंबईत जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा 1969 च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ निघाले. पण ते मुंबई शहरापुरतेच. आमच्याकडे अंबरनाथचे 1060 सालचे शिवालय सांभाळायला पुरातत्त्व खाते आहे. बदलापुरात 2005 आणि 2019 साली पुराचे पाणी ज्या घरांत शिरले, त्यांतल्या भाडेकरूंना मात्र आपली ओल आपणच सांभाळावी लागते.

मग आधार कशाचा? 31 मार्च 2000 पासून अमलात असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या चौदाव्या कलमाचा. करारात उलट काही लिहिलेले नसेल, तर दुरुस्ती मालकानेच करायची. त्याला लेखी नोटीस द्यावी. पंधरा दिवसांत त्याने काही केले नाही, तर भाडेकरूंनी एकट्याने किंवा मिळून दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नाही. महिना दोन हजार भाडे असेल, तर वर्षाला फार तर सहा हजार.

मी शाळामास्तर, त्यामुळे असे अर्ज लिहून देण्याचे काम आपसूक माझ्याकडे येते. मी सांगतो: नोटीस स्पीड पोस्टाने धाडा, पोचपावती जपा, भिंतीची छायाचित्रे काढा, गवंड्याची पावती घ्या आणि उरलेले भाडे वेळच्या वेळी भरा. भाडेच थांबवले तर खटल्याचे पारडे मालकाकडे झुकते. घर धोक्याचे वाटले तर नगरपालिकेला किंवा महापालिकेलाही लेखी कळवा. आणि हातातला कागद ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असेल, तर आपण कायद्याने भाडेकरू नव्हे; तिथे करारातल्या अटीच पाहाव्या लागतात. म्हणून सही करण्यापूर्वीच दुरुस्तीचे कलम घालून घ्यावे.

तरीही लोक गप्प बसतात. तक्रार केली तर इमारत धोकादायक ठरेल, पाडली जाईल आणि आपला हक्कही तिच्याबरोबर जाईल, ही धास्ती. सांगलीकडच्या एका खटल्यात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. खालची जमीन उरतेच. हे ठाऊक असलेले भाडेकरू मला क्वचितच भेटले.

मे 2021 मध्ये उल्हासनगरात पंधरवड्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसे दगावली. हक्क मागून घेता येतो. माणूस मागून मिळत नाही. यंदा फराळाची ताटे शेजारी पोचवताना शेजाऱ्याच्या छताकडेही एकदा पाहावे, आणि ते गळत असेल तर नोटिशीवर त्याच्याबरोबर आपलीही सही करावी.